नगरचा आयरिश माणूस आणि आमचा बांध

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळले, तेवढं काढलंय. बाकी जसं बोलले तसं ठेवलंय.)

एसटीत बसून ऐकत असाल आणि खिडकी मिळाली असेल तर उत्तम. नसेल मिळाली तर उभ्यानं ऐका, तेवढाच वेळ जाईल.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. ताई, तुम्ही एम.ए.ला आयरिश साहित्य आणि सिनेमा हा विषय घेतला होता म्हणे. पाथर्डी तालुक्यातली मुलगी आणि आयर्लंड? काय संबंध?

हा प्रश्न मला नवा नाही. सगळ्यात आधी तो आमच्या आप्पांनी विचारला होता. ओट्यावर बसून, तंबाखू मळत. "पोरी, त्या लोकांचं आपल्याशी काय घेणंदेणं? परकं ते परकं." तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. आज देते.

एका माणसापासून सुरुवात करू. १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरमध्ये एक मुलगा जन्माला आला. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण त्याच्या जन्माच्या वेळी अहमदनगर होतं. माझ्या तोंडी तर नुसतं 'नगर' बसलंय, तेव्हा सांभाळून घ्या. तर या मुलाचं नाव टेरेन्स ॲलन मिलिगन. वडील ब्रिटिशांच्या लष्करात, मूळचे आयर्लंडमधल्या स्लायगोचे. आई इंग्लिश. मुलाचं लहानपण पुण्यात आणि मग रंगूनला गेलं. बारा-तेरा वर्षांचा असताना कुटुंब इंग्लंडला परतलं. पुढे जग त्याला स्पाइक मिलिगन म्हणून ओळखायला लागलं. १९५१ ते १९६० या काळात बीबीसी रेडिओवर 'द गून शो' नावाचा कार्यक्रम चालायचा, तो मुख्यतः त्यानं लिहिलेला. सोबत पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम्ब. इंग्रजी विनोदाची तऱ्हाच या कार्यक्रमानं बदलली असं मानतात.

आणि या माणसानं एक आयरिश कादंबरी लिहिली. नाव 'पकून', साल १९६३. मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षी संशोधन प्रकल्प केला तो हिच्यावर आणि हिच्यावरून निघालेल्या सिनेमावर.

पण तिथपर्यंत मी सरळ रस्त्यानं पोचले नाही. तेही सांगते, कारण तुमच्यातले बरेच जण आत्ता त्याच वळणावर उभे असतील.

पंचवीस लाखांचा आकडा

बी.ए. झाल्यावर मला आयर्लंडलाच जायचं होतं. तिथे एक वर्षाची पदव्युत्तर पदवी मिळते, आयरिश साहित्याची मिळते, सिनेमाची मिळते. त्यानंतर दोन वर्षं तिथे थांबून नोकरी शोधता येते. पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत गेले. एसी ऑफिस, भिंतीवर हिरव्यागार डोंगरांचे फोटो. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. फी, राहणं, खाणं, विमान, विमा. बेरीज पंचवीस लाखांच्या आसपास. वर म्हणाले, लोन होऊन जाईल मॅडम, जमीन आहे ना?

जमीन होती. सव्वातीन एकर, त्यातली निम्मी जिरायत.

आप्पा तयार होते. खरं सांगते, त्याच गोष्टीनं मला झोप लागेना. ते नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. ते म्हणाले, "तुझ्या शिक्षणापुढं रान काय घेऊन बसलीस." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिलं तर बांधावर एकटेच उभे होते.

मी आयर्लंड सरकारच्या शिष्यवृत्तीला अर्ज केला. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी आहे ती, फी माफ आणि वर्षाला दहा हजार युरो. पण जगभरातून साठच जणांना मिळते. मला नाही मिळाली. कर्ज काढायचं नाही असं मी ठरवलं आणि नगरला एम.ए. इंग्रजीला प्रवेश घेतला.

बाहेर जाऊ नका असं मी सांगत नाहीये. जरूर जा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिची माहिती घ्या. पण ज्या विषयाचा पगाराशी सरळ संबंध नाही, त्यासाठी घरचं रान गहाण टाकताना चार रात्री जास्तीच्या जागा. एवढंच म्हणणं.

'ब्रिटिश' पेपरातले आयरिश लोक

एम.ए.ला आल्यावर एक गंमत लक्षात आली. ब्रिटिश साहित्य म्हणून जे आम्ही शिकत होतो, त्यातले निम्मे लोक मला आयरिशच दिसायला लागले. जोनाथन स्विफ्ट डब्लिनचा. ऑस्कर वाइल्ड डब्लिनचा. शॉ, येट्स, जॉइस, बेकेट, सगळे तिकडचेच. साहित्याचं नोबेल मिळालेले आयरिश लेखक चार. येट्स १९२३, शॉ १९२५, बेकेट १९६९ आणि शेमस हीनी १९९५.

आणि शॉ तर आपल्या घरात कधीच येऊन बसलाय. पु. ल. देशपांड्यांचं 'ती फुलराणी' माहीत आहे ना? ते शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून केलेलं. भक्ती बर्वे यांनी गाजवलेलं. बोलीवरून माणसाची किंमत ठरवणारा समाज, हा त्याचा विषय. डब्लिनमध्ये वाढलेल्या माणसाला तो सुचला यात मला नवल वाटत नाही. पाथर्डीहून पुण्याला गेलेल्या कुठल्याही पोराला विचारा, तोंड उघडलं की समोरचा कसा बघतो ते.

मग मी नगरचा जुना इतिहास चाळायला लागले आणि पहिला धक्का बसला.

एप्रिल १९१६. डब्लिनमध्ये ईस्टरच्या आठवड्यात ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला. मे महिन्यात त्याच्या पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या. आणि त्याच मेच्या ३१ तारखेला आणि १ जूनला लोकमान्य टिळक कुठे होते? नगरला. होमरूलवर भाषणं देत. हा 'होमरूल' शब्दच मुळात आयर्लंडच्या चळवळीतून आलेला. बेळगावचं एक आणि नगरची दोन, अशा तीन भाषणांवरून टिळकांवर राजद्रोहाची कारवाई झाली. जिनांनी त्यांची बाजू लढवली आणि मुंबई हायकोर्टात ती कारवाई टिकली नाही.

आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत, त्याच गावात, त्याच सरकारच्या लष्करात नोकरी करणाऱ्या एका आयरिश माणसाच्या घरी पाळणा हलला. आयर्लंडमधून आलेला शब्द घेऊन टिळक नगरमध्ये बोलले, आणि त्याच आयर्लंडमधला माणूस ब्रिटिशांची वर्दी घालून नगरमध्ये राहिला. दोन्ही खरं. 'परकं ते परकं' हे वाक्य माझ्या डोक्यात पहिल्यांदा हललं ते इथे.

जन्म नगरचा, कागद कुठला?

मिलिगन दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश तोफखान्यात होता. १९४४ मध्ये इटलीत मोंते कासिनोच्या लढाईत जखमी झाला. त्यानंतर मनाच्या आजारानं त्याला आयुष्यभर सोडलं नाही, आणि त्याबद्दल तो उघड बोलायचा. त्या काळात हे सोपं नव्हतं.

१९६२ मध्ये ब्रिटननं कायदा बदलला. साम्राज्यात कुठेही जन्मलेल्यांना आपोआप मिळणारा हक्क गेला. आता बघा, या माणसानं त्या देशासाठी युद्धात जखम खाल्ली, रेडिओवरून त्या देशाला दहा वर्षं हसवलं. पण जन्म कुठला? अहमदनगर. आता रीतसर अर्ज करा, निष्ठेची शपथ घ्या. त्यानं शपथ घेतली नाही. वडील आयरिश म्हणून तो आयर्लंडचा नागरिक झाला.

माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या आजीकडे जन्माचा दाखला नव्हता. पगारीसाठी, म्हणजे निराधार पेन्शनसाठी, तिला किती फेऱ्या माराव्या लागल्या ते मी जवळून पाहिलं होतं. त्यामुळे मिलिगनचा हा भाग वाचताना मला तळटीप लागली नाही. माणूस समोर उभा असतो आणि टेबलामागचा विचारतो, पुरावा काय?

पकून गावातली रेघ

आता कादंबरी. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. ३२ परगण्यांपैकी सहा ब्रिटनकडे राहिले. नेमकी हद्द कुठे, हे ठरवायला १९२४ मध्ये सीमा आयोग बसला. इथपर्यंत खरा इतिहास. मिलिगननं यात एक काल्पनिक गाव घातलं, पकून. आयोगाची रेघ या गावाच्या मधून जाते. गुत्त्याचा एक कोपरा पलीकडच्या देशात जातो, तिथे दारू तीस टक्के स्वस्त. मग काय, अख्खं गाव त्या कोपऱ्यात दाटीवाटीनं उभं! आणि रेघ चर्चच्या दफनभूमीतून जाते. म्हणजे माणूस मेला तर त्याला आपल्या माणसांशेजारी पुरायला सीमा ओलांडावी लागणार. मढ्याला पासपोर्ट.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे आप्पांना सांगितलं. सहज, जेवताना. आप्पा आधी हसले, ठसका लागेपर्यंत. मग गप्प झाले. मग म्हणाले, "रेघ मारणाऱ्याचं रान त्या गावात नसंल."

मी घास हातात धरून बसले.

तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडे बांध कोरणं काय असतं. शेजारी दर पेरणीला नांगराचं एक तास तुमच्या बांधात घालतो. दहा वर्षांत हातभर रान गेलेलं असतं. मग मोजणीचा अर्ज, फी, भूमी अभिलेखचा माणूस येतो, खुणेचे दगड रोवतो आणि निघून जातो. त्याच्यासाठी ती नकाशावरची रेघ. आमच्यासाठी दोन घरांचं बोलणं बंद, लग्नाचं आवतण बंद. आप्पांना 'पकून' समजावून सांगावीच लागली नाही. मी आठ महिने वाचून जे मांडू बघत होते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

ते वाक्य मी इंग्रजीत करून प्रकल्पाच्या शेवटच्या प्रकरणात घातलं. मार्गदर्शक सरांनी विचारलं, हे कुणाचं? म्हटलं, वडिलांचं. सर म्हणाले, मग संदर्भ द्या, 'वैयक्तिक संभाषण' म्हणून. अशा रीतीनं आमचे आप्पा संदर्भसूचीत गेले.

आणि हे फक्त बांधापुरतं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यात महाराजगुडा नावाचं गाव आहे. तिथल्या एका घराच्या मधून महाराष्ट्र आणि तेलंगणाची हद्द जाते. चार खोल्या इकडे, चार तिकडे. बेळगावचा प्रश्न तर तुम्ही जन्मापासून ऐकताय. १९६६ मध्ये महाजन आयोग बसला, १९६७ मध्ये अहवाल आला, महाराष्ट्रानं तो मानला नाही आणि खटला सुप्रीम कोर्टात गेला. आयर्लंडच्या त्या सीमा आयोगाचा अहवालही १९२५ मध्ये गुंडाळून ठेवला गेला आणि हद्द होती तिथेच राहिली. हे सगळं शेजारी शेजारी ठेवलं तेव्हा माझा प्रकल्प उभा राहिला. नुसती 'पकून' घेऊन बसले असते तर चाळीस पानांचा गोषवारा झाला असता.

पुस्तक आणि पडदा

'पकून'वर २००२ मध्ये सिनेमा आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मिलिगन गेला. सिनेमाचा अभ्यास कसा करायचा, हे मी या एका उदाहरणावरून शिकले. कादंबरीत नायक थेट लेखकाशी भांडतो. त्याला आपले पाय आवडत नाहीत, असले पाय मला का लिहिलेस म्हणून तो तक्रार करतो. कागदावर हे जमतं, कारण लेखक हा नुसता आवाज असतो. पडद्यावर काय करणार? त्यांनी लेखक-दिग्दर्शक नावाचं पात्रच उभं केलं आणि ते रिचर्ड ॲटनबरोंना दिलं. हो, आपल्या 'गांधी'चे दिग्दर्शक. पण आवाजाला चेहरा मिळाला की भांडणाचा रंग बदलतो. 'पुस्तक चांगलं की सिनेमा' हा प्रश्न कट्ट्यावरचा. अभ्यासाचा प्रश्न असा, की एका माध्यमात जे फुकट मिळतं, त्याची किंमत दुसऱ्या माध्यमात कशात मोजली?

दुसरं उदाहरण. क्लेअर कीगनची 'फॉस्टर' ही छोटी कथा. एका लेकराला उन्हाळ्यापुरतं नातेवाइकांकडे ठेवतात. आपण मामाच्या गावाला जातो तसं, पण इथे घरी खाणारी तोंडं जास्त झालीत म्हणून. कथा इंग्रजीत आहे. तिच्यावरून २०२२ मध्ये 'द क्वाएट गर्ल' हा सिनेमा आला, तो मुख्यतः आयरिश भाषेत. म्हणजे इंग्रजीतून उलट मायबोलीकडे. ऑस्करच्या परदेशी सिनेमांच्या गटात नामांकन मिळालेला तो पहिला आयरिश भाषेतला सिनेमा. आयरिश ही त्या देशाची घटनेनं ठरवलेली पहिली राजभाषा, पण घरात रोज बोलणारे थोडे. तिथे हा सिनेमा पाहताना कित्येकांना आपल्याच भाषेसाठी खालची अक्षरं वाचावी लागली.

आता आपल्याकडे या. नागराज मंजुळे यांचं संज्ञापन अभ्यासाचं पदव्युत्तर शिक्षण नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजातलं. त्यांचा 'फँड्री' घडतो नगरजवळच्या अकोळनेर गावात. त्यातलं कैकाडी घर आठवा. आईबाप घरात कैकाडी बोलतात, आणि जब्याला गावात ती नको असते. आयरिश सिनेमा पाहिल्यावर मी 'फँड्री' परत पाहिला, तेव्हा पहिल्यांदा मला भाषा ऐकू आली. आधी मी नुसती गोष्ट पाहिली होती.

ब्रायन फ्रिएलचं 'ट्रान्सलेशन्स' नाटकही, १९८०चं, याच वाटेवरचं. ब्रिटिश सैनिक मोजणीला येतात आणि आयरिश गावांची नावं इंग्रजीत करून टाकतात. ज्या गावपोराला दुभाष्या म्हणून घेतात, त्याचंही नाव ते चुकीचंच घेत राहतात. खडकीचं किर्की ज्यांनी केलं, त्यांचेच हे भाऊबंद. वर्गात हे नाटक वाचताना कुणाला काही समजावावं लागलं नाही.

मग मिळालं काय?

प्रामाणिकपणे सांगते. मी सध्या कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. पैसे तासांवर, सुट्टीत शून्य. सेट पास झालेय, कायम जागेची वाट बघतेय. तेव्हा 'एम.ए. करा आणि आयुष्य बदला' असलं काही मी सांगणार नाही.

पण आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मिळालं. दूरचं वाचायचं ते इथून पळण्यासाठीच, असं मला आधी वाटायचं. तसं झालं नाही. त्या लोकांनी आपल्या अडचणी, म्हणजे गेलेली भाषा, कुणी दुसऱ्यानं मारलेली रेघ, जन्माचा कागद, कशा लिहिल्या आणि त्यावर कसे हसले, हे पाहिल्यावर मला आमचा बांध नव्यानं दिसला. तो मी रोज ओलांडायचे, पण तो लिहिण्याजोगा आहे हे मला माहीत नव्हतं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर पैसे लागत नाहीत. जे. एम. सिंगची 'रायडर्स टू द सी' ही छोटी एकांकिका प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आणि कायदेशीर मिळते. समुद्रानं एकेक पोरगा नेलेल्या आईची गोष्ट. एका बैठकीत होते, मोबाइलवरही. मग 'फॉस्टर' वाचा आणि सिनेमा पाहा, याच क्रमानं. 'पकून' शेवटी. आणि प्रत्येक वेळी घरातल्या एका तरी माणसाला ती गोष्ट आपल्या बोलीत सांगा. जिथे ते हसतील, जिथे गप्प होतील, ती जागा लिहून ठेवा. तुमच्या प्रकल्पाचा विषय बहुतेक तिथेच असतो.

जाता जाता. मिलिगनची कबर इंग्लंडमध्ये आहे, विंचेल्सी गावच्या चर्चच्या आवारात. त्यावर त्याला एक विनोदी ओळ हवी होती. अर्थ असा की, 'सांगितलं होतं ना, मी आजारी आहे म्हणून.' चर्चवाल्यांना इंग्रजीत ती पटेना. शेवटी आयरिशमध्ये कोरायचं ठरलं. म्हणजे जन्म नगरचा, माती इंग्लंडची, अक्षरं आयरिश. येणाऱ्याजाणाऱ्यातल्या फार थोड्यांना तो विनोद कळत असणार.

मी हे आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी मेल्यावरबी हद्दीचा घोळ सुटला नाय गड्याचा." मग थोडं थांबून, "आपल्याच गावचा म्हणायचा की मग."

चला. पुढच्या शनिवारी भेटू.